हलकी स्की म्हणजे नेमकी किती हलकी?

या वेळच्या पत्रांमध्ये एक शब्द इतक्यांदा आलाय की मोजायचं सोडून दिलं. हलकी. हलकी स्की सुचवा, सगळ्यात हलकी कुठली, अमुक स्की हलकी आहे ना. जवळपास सगळी पत्रं बायकांची (एक नवऱ्याचं आहे, त्याच्याकडे येतेच), आणि सगळ्यांना ग्रूम केलेल्या ट्रेलवरच स्की करायचंय, म्हणजे रात्री मशीन फिरवून दाबून सपाट केलेल्या बर्फावर, भुसभुशीत खोल बर्फात कोणालाच शिरायचं नाहीये. तर या वेळी बाकी विषय बाजूला, हेच घेऊ.

प्रश्न : गेल्या सीझनला पाच दिवस शिकले. स्नोप्लाऊ (स्कीची टोकं जवळ आणि शेपट्या लांब करून ब्रेक लावणं) नीट जमतं, सोप्या उतारावर वळणं घेता येतात पण दोन्ही स्की समांतर राहतीलच याची गॅरंटी नाही. उंची १६० सेंमी, वजन ५४ किलो. भाड्याच्या स्कीने मांड्या इतक्या भरून आल्या की आता स्वतःची, सगळ्यात हलकी घ्यायचं ठरवलंय. एक सापडलीये, एका स्कीचं वजन फक्त १.१ किलो. घेऊ का?

नको घेऊस. आधी उत्तर दिलं, आता कारण सांगते.

१.१ किलोची स्की बहुतेक टूरिंगची असते, म्हणजे ज्यांना स्वतःच्या पायांनी डोंगर चढून जायचंय त्यांच्यासाठी बनवलेली. त्यांना दर पावलाला ती स्की उचलायची असते, सरकवायची असते, म्हणून तिथे शंभर शंभर ग्रॅमसाठी मारामारी. तुला वर कोण नेणार? लिफ्ट. आणि खाली येताना स्की उचलायची नसतेच, ती बर्फावर टेकलेली असते आणि तू तिच्यावर उभी असतेस.

जरा हिशोब करून बघ. ट्रेलसाठीची बायकांची हलक्यातली स्की, १५० सेंमीच्या आसपासची, बाइंडिंग (बूट स्कीला पकडून ठेवणारी खटक्याची पकड) सोडून एकेक साधारण १.३ ते १.६ किलो भरते. बाइंडिंग पायामागे एक किलोच्या आसपास धर. बूट दीड-पावणेदोन किलो. म्हणजे एका पायाला चार किलोचं प्रकरण झालं, त्यात तू स्कीमध्ये दोनशे ग्रॅम वाचवलेस तरी मांडीला काय कळणार आहे. मांड्या भरून येतात त्या वजनाने नाही, त्या येतात मागे झुकून उभं राहिल्याने आणि दिवसभर स्नोप्लाऊमध्ये ब्रेक दाबून धरल्याने. खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं तास तास राहून बघ, तेच. आणि ढिला बूट असेल तर आणखीनच, कारण मग पाय आत हलतो आणि तू बोटांनी तळवा पकडून ठेवतेस.

मी स्वतः ही चूक केलेली आहे म्हणून जरा पोटतिडकीने लिहितेय. दुसऱ्या सीझनला कार्बनवाली अगदी पिसासारखी जोडी घेतली, कोणी सांगितलं म्हणून नाही, हातात उचलून बघितली आणि भुलले. सकाळी पहिल्या लिफ्टने वर गेले, ट्रेलवर मशीनच्या त्या बारीक बारीक समांतर रेघा तशाच होत्या, जाड विणीच्या कॉर्डरॉय कापडासारख्या, स्की त्यावरून झर्र आवाज करत गेली आणि मला वाटलं काय वस्तू घेतलीये. दुपारी दोनला त्याच ट्रेलवर लोकांनी वळून वळून बर्फाचे ढीग केले होते आणि ढिगांच्या मधे खाली घासून काचेसारखा कडक पट्टा उघडा पडला होता. त्या पट्ट्यावर माझ्या स्कीची टोकं अशी थरथरायला लागली की डोळ्यांना टोकाची कडच स्पष्ट दिसेना, आणि ढिगात गेले की ढीग मला बाजूला ढकलायचा, मी ढिगाला नाही. त्या संध्याकाळी मांड्या भाड्याच्या स्कीपेक्षा जास्त दुखल्या.

स्कीला थोडं वजन असलं की ते थरथर पिऊन टाकतं. फार हलकी आणि वर कडक असेल तर सगळी थरथर तुझ्या गुडघ्यात.

मग हलकी शोधायचीच नाही का? शोधायची, पण वजनकाट्यावर नाही. जी वळायला हलकी ती शोधायची. त्यात पहिली गोष्ट कमरेची रुंदी, म्हणजे बुटाखालची, सगळ्यात अरुंद जागेची. तुझ्यासारखीला ६८ ते ७६ मिलिमीटर. अरुंद स्की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर पटकन येते, ९० ची रुंद स्की कडक ट्रेलवर कडेवर उभी करायला प्रत्येक वेळी घोटा आणि गुडघा जास्त राबवावा लागतो, मग ती कितीही हलकी का असेना. दुसरी गोष्ट फ्लेक्स, म्हणजे ती किती सहज वाकते. ५४ किलो वजनाने आणि बेताच्या स्पीडने जी स्की वाकतच नाही ती वळत पण नाही, नुसती सरळ जात राहते आणि तू पायाने रेटत बसतेस. स्की उभी धर, शेपटी जमिनीवर, एका हाताने टोक धर आणि दुसऱ्या हाताने मध्यावर दाब, सहज वाकली पाहिजे. दोन-तीन वेगवेगळ्या स्की अशा दाबून बघितल्यास की फरक हातालाच कळतो. तिसरी, टोकाला थोडा रॉकर, म्हणजे पुढचा भाग जरासा आधीच वर उचललेला, त्याने वळण सुरू करताना टोक अडकत नाही. बुटाखाली मात्र कॅम्बर हवा, म्हणजे मधला भाग कमानीसारखा जरा वर उचललेला, नाहीतर कडक बर्फावर पकड मिळत नाही. टर्न रेडियस, म्हणजे स्की आपणहून जेवढ्या गोलात वळते त्याची त्रिज्या, स्कीवरच छापलेला असतो, ११ ते १४ मीटरमधला बघ.

आणि आत काय भरलंय ते विचार. पॉलोनिया किंवा पॉप्लरसारख्या हलक्या लाकडाचा गाभा असेल तर उत्तम, वजन पण कमी आणि जीव पण असतो स्कीत. नुसत्या फोमच्या गाभ्याची स्वस्तातली स्की सुरुवातीला बरी वाटते पण लवकर मरगळते. टायटॅनलचे पत्रे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे थर, ते तुला आत्ता नकोत, ते जोरात जाणाऱ्यांसाठी.

नावंच हवी असतील तर हेडची जॉय, ॲटॉमिकची क्लाउड, रोसिन्योलची नोव्हा, इलानची वाइल्डकॅट, फोल्कलची फ्लेअर, या सगळ्या बायकांच्या सिरीज आहेत. पण एका सिरीजमध्ये नवशिकीपासून तरबेज बाईपर्यंत सगळ्यांच्या स्की असतात हे विसरू नकोस, जॉयमधली ईझी आणि त्याच जॉयमधली पॉवर यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक. सिरीजचं नाव बघून घेतली आणि भलतीच निघाली असं होतं.

प्रश्न : उंची १६८, वजन ६१. शिकवणारे म्हणतात १५०ची घ्या, दुकानदार म्हणतो १६०. खरं कोणाचं?

दोघांचंही थोडं थोडं. हनुवटीपासून नाकापर्यंत नवशिकी, नाकापासून कपाळापर्यंत जरा सरावलेली, हा ढोबळ नियम सगळेच सांगतात आणि तुमच्या उंचीला तो साधारण १४८ पासून सुरू होतो, म्हणजे दोघं नियमातच बोलतायत. पण स्कीला तुमची उंची कळत नाही हो, तिला फक्त वजन कळतं आणि स्पीड कळतो. त्याच उंचीची पण ५० किलोची बाई असेल तर मी डोळे मिटून १५० म्हणेन, ७५ची असेल तर १६०. तुमचं मधलं आहे, तर एवढंच विचारा स्वतःला की अजून उतार तीव्र झाला की आवंढा गिळता का. गिळत असाल तर १५०. नसाल आणि सलग वळणं जमत असतील तर १५५ च्या आसपास जे मिळेल ते घ्या, एकेका मॉडेलमध्ये मापं तशीही सात-आठ सेंमीच्या फरकाने येतात त्यामुळे तंतोतंत आकडा मिळत नाहीच. टोकाला मोठा रॉकर असेल तर स्की जमिनीवर तेवढी लांब टेकत नाही, तिथे एक माप वर गेलात तरी चालतं.

घरातलं कोणी जुनं जाणतं माणूस ‘आमच्या वेळी दोन मीटरच्या स्की असायच्या’ म्हणालं तर ते खोटं नाहीये. तेव्हा स्की जवळपास सरळ पट्टी असायची. १९९३ ला इलानने एससीएक्स काढली, मधे चांगली बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद, आणि मग सगळ्यांच्याच स्की हळूहळू त्या आकारावर आल्या आणि आखूड झाल्या. कडेवर नुसती कलती केली की स्की आपणहून वळते ही जी सोय आपण गृहीत धरतो ती तिथून आली.

प्रश्न : मी १७६ सेंमी, ७४ किलो, लहानपणापासून खेळाडू. चौथा सीझन, समांतर वळणं आरामात, मध्यम उतारांवर कार्व्हिंग (स्की कडेवर कलती करून, न घसरता वळणं घेणं) शिकतेय. मला बायकांची स्की घ्यायलाच लागेल का? की नुसती वर फुलं रंगवून विकतात?

फुलं रंगवून विकतात हे काही मॉडेल्सच्या बाबतीत अगदी खरंय, साचा तोच, वरचा पत्रा वेगळा. पण सगळ्या तशा नाहीत. नीट डिझाइन केलेल्या बायकांच्या स्कीमध्ये गाभा हलका असतो, थर कमी किंवा पातळ असतात, फ्लेक्स मऊ असतो, मापं आखूड असतात, आणि काही कंपन्या बाइंडिंगची जागा एक-दोन सेंमी पुढे घेतात. या शेवटच्या गोष्टीमागे अमेरिकेतल्या जीनी थोरेन यांचा बरीच वर्षं केलेला आग्रह आहे, त्यांचं म्हणणं की बायकांचा गुरुत्वमध्य साधारणपणे खाली आणि जरा मागे असतो, म्हणून पुरुषांच्या हिशोबाने लावलेल्या बाइंडिंगवर बाई मागे बसल्यासारखी होते आणि टोकावर वजनच येत नाही.

हे सगळं सरासरी बाईबद्दल. तुम्ही सरासरीत बसत नाही. बायकांची नवशिकीवाली मऊ स्की तुमच्या ७४ किलोखाली आणि तुमच्या स्पीडला नूडल होईल, कडेवर दाब दिलात की टोक उलगडून सुटून जाईल आणि तुम्हाला वाटेल आपलंच टेक्निक चुकतंय. तुम्ही कमरेला ७२ ते ८०, लांबी १६२ ते १६८, थोडी कडक, हवं तर एखादा टायटॅनलचा पट्टा असलेली बघा आणि ती कुठल्या रॅकवर ठेवलीये त्याकडे लक्ष देऊ नका. बायकांच्या सिरीजमधली वरची मॉडेल्स पण चालतील. तुमच्या बाबतीत हलकी हा शब्द मी यादीतून खोडूनच टाकते, दुपारच्या खराब बर्फावर दोनशे ग्रॅम जास्त असल्याचा तुम्हाला आनंदच होईल.

उलट पण सांगते. ५५ किलोच्या एखाद्या मुलाला किंवा बारीक चणीच्या पुरुषाला बायकांची स्की जास्त चांगली जाईल, पण घेणार कोण!

प्रश्न : बायकोला वाढदिवसाला सरप्राइज म्हणून स्कीचा अख्खा सेट द्यायचा विचार आहे, स्की, बाइंडिंग, बूट सगळं. तिने दोन वेळा भाड्याने घेऊन केलंय. तिच्या चपलेचा नंबर मला माहितीये. कुठला घेऊ?

हेतू फार गोड आहे हो पण बूट सरप्राइज देऊ नका. प्लीज. चपलेच्या नंबरावर स्कीचा बूट घेणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा अंदाजाने बनवून आणण्यासारखं आहे.

स्कीच्या बुटाचं माप मॉन्डोपॉइंटमध्ये असतं, म्हणजे पाऊल किती सेंटिमीटर लांब आहे तो आकडा, २४ किंवा २४.५ असा. बाहेरचं प्लास्टिकचं कवच साधारणपणे पूर्ण आकड्याला एकच असतं, अर्ध्या मापात आतलं अस्तर किंवा तळवाच बदलतो. त्याशिवाय पंजाची रुंदी वेगळी, ती ९८ पासून १०४ मिलिमीटरपर्यंत असते. पायाच्या पाठीची उंची वेगळी. आणि बायकांच्या पोटऱ्या बऱ्याचदा खालपर्यंत उतरलेल्या असतात, म्हणून बायकांच्या बुटाची मान आखूड आणि वर रुंद असते, ती तिच्या पोटरीला लागते की नाही ते तिची पोटरी आत गेल्याशिवाय तुम्हाला काय किंवा मला काय, कळणार नाही.

तिला घेऊन जा. अस्तर बाहेर काढायला सांगा, रिकाम्या कवचात तिने पाय घालून बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे किती जागा उरते ते हात घालून बघायचं. दोन बोटं आडवी नीट मावत असतील, दीड-दोन सेंमी, तर माप बरोबर. तीन बोटं जात असतील तर बूट मोठा, दुकानात कितीही मऊ मऊ वाटला तरी. मग अस्तर घालून, एकच पातळ मोजा घालून, बक्कल लावून, सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकीशी टेकली पाहिजेत आणि गुडघे पुढे वाकवले की मागे सरकून मोकळी झाली पाहिजेत. पंधरा-वीस मिनिटं तसंच फिरू द्या, घाई करू नका. बुटाचा फ्लेक्स, म्हणजे तो पुढे वाकायला किती कडक आहे तो आकडा, तिच्यासाठी ६० ते ८० च्या मधला पुरे.

नवशिक्या बायकांना दुकानात नेहमी एक माप मोठा बूट चिकटवला जातो कारण तो घातल्या घातल्या आवडतो. मला पण चिकटवला होता. तिसऱ्या दिवशी दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी, आणि गंमत म्हणजे बूट घट्ट असल्यामुळे नाही तर सैल असल्यामुळे, पाय दर वळणाला पुढे जाऊन आपटत होता.

पैसे मोजूनमापून असतील तर बुटात घाला आणि स्की अजून एक सीझन भाड्याने घ्या. चांगल्या बुटात साधी स्की चालते, ढगळ बुटात जगातली सगळ्यात महाग हलकी स्की पण ऐकत नाही. सरप्राइज म्हणून गॉगल द्या, छान दिसतात.

प्रश्न : वय ५८, वजन ५०, उंची १५२. हळूच जाते, सोप्या ट्रेलच्या पुढे जायची इच्छा पण नाही. गुडघ्यांची भीती वाटते. बाइंडिंगचा नंबर किती ठेवू? मैत्रीण म्हणते तिचा ५ आहे, तोच ठेव.

मैत्रिणीचा नंबर मैत्रिणीकडेच राहू द्या ताई.

तो आकडा म्हणजे बाइंडिंग किती जोर आल्यावर बूट सोडून देईल त्याचं माप. जास्त आकडा, उशिरा सुटणार. तो ठरवायचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ११०८८, आणि त्यात वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची मिलिमीटरमधली लांबी आणि तुम्ही कशा स्की करता, सावकाश की बेधडक, हे सगळं घालून तक्त्यातून आकडा निघतो. ५० च्या पुढे वय असेल तर तक्त्यात एक पायरी खाली येतात. तुमच्या माहितीवरून तो ३ च्या आसपास येईल असं मला दिसतंय, पण माझ्या अंदाजावर स्क्रू फिरवू नका, बूट आणि स्की घेऊन वर्कशॉपमध्ये जा आणि मशीनवर तपासून घ्या. आणि तिथे खरं खरं सांगा. वजन दोन किलो कमी सांगायची आपल्याला सवय असते ती इथे नको, नाहीतर बाइंडिंग नको तिथे सुटेल, आणि ‘मला चांगलं येतं’ अशी शेखी पण नको, नाहीतर हवं तिथे सुटणारच नाही.

खरेदी करताना एक बघा, बाइंडिंगची रेंज कुठून सुरू होते. मोठ्यांची काही बाइंडिंग ४ पासून सुरू होतात, ती तुमच्या कामाचीच नाहीत. तुमचा आकडा रेंजच्या अगदी तळाला लटकायला नको, थोडा वर बसला पाहिजे. सेलमध्ये स्की आणि बाइंडिंग जोडीने मिळतात तिथे हे हमखास बघायचं राहून जातं.

गुडघ्यांबद्दल खोटा धीर देत नाही. बाइंडिंग मुख्यतः नडगीचं हाड वाचवायला बनलंय, गुडघ्यातला एसीएल नावाचा दोर त्याने वाचेलच असं नाही, आणि स्की करणाऱ्या बायकांमध्ये तो तुटायचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त असतं. पडताना मागे बसत बसत, पायात जोर लावून स्वतःला वाचवायची धडपड करणं सगळ्यात वाईट. पडायला लागलात की पडा, बाजूला, हात पुढे ठेवून, आणि स्की पूर्ण थांबेपर्यंत उठायचा प्रयत्न करू नका. स्की तुमच्यासाठी १३५ ते १४२, कमरेला ७० च्या आसपास, जेवढी मऊ मिळेल तेवढी. उताराच्या स्कीबद्दलचं हे एकच पत्र आहे जिथे मी खरोखर हलकी घ्या म्हणेन, कारण तुम्हाला ती खांद्यावरून लिफ्टपर्यंत न्यायचीये आणि तुमच्या स्पीडला थरथरीचा त्रास होणारच नाही.

प्रश्न : वापरलेली जोडी स्वस्तात मिळतेय, बायकांची, १५२ सेंमी, दिसायला नवीच. काय तपासू?

दिसायला नवी म्हणजे वरून. उलटी करा. काठाची स्टीलची एज सगळीकडे सारखी जाड आहे का बघा, नवीन असताना ती साधारण दोन मिलिमीटर असते, धार लावून लावून कागदासारखी झाली असेल तर त्या स्कीत फार धार लावण्या उरल्या नाहीत. किरकोळ गंज चालतो, बोटाने पुसता येणारा. खोल खड्ड्यांचा नाही. बेसवर ओरखडे चालतात, पण खालचा थर दिसेपर्यंत खरवडलं असेल तर नको. बाजूने बघा, थर कुठे सुटलेत का, विशेषतः टोकाला आणि शेपटीला. मग दोन्ही स्की तळाला तळ लावून धरा, बुटाच्या जागी मधे फट दिसली पाहिजे, म्हणजे कॅम्बर जिवंत आहे. फटच नाही आणि हाताने दाबल्यावर उसळीही नाही, तर ती दमलेली आहे, तिला जाऊ द्या.

पण खरी गोम बाइंडिंगची. कंपन्या जुन्या बाइंडिंगचा पाठिंबा काही वर्षांनी काढून घेतात, मग वर्कशॉपवाले त्याला हात लावायला नाही म्हणतात, आणि तुमची स्वस्तातली जोडी नव्या बाइंडिंगच्या खर्चासकट महाग होते. त्यामुळे मॉडेलचं नाव विचारून आधी वर्कशॉपमध्ये फोन करा. शिवाय तुमचा बूट त्यात बसतो का. हल्ली बऱ्याच बुटांना ग्रिपवॉकचा तळ असतो, चालायला सोपा, वळणदार, रबरी, आणि जुन्या बाइंडिंगमध्ये तो बसल्यासारखा वाटतो पण नीट सुटत नाही. टक् आवाज आला म्हणजे जुळलं असं नाही.

प्रश्न : तुम्ही सगळे उताराच्या स्कीबद्दल लिहिता. मला सपाट ग्रूम ट्रेलवर, जंगलातून, क्रॉस-कंट्री करायचंय. बायकांसाठी हलकी क्लासिक स्की कशी निवडायची?

तक्रार रास्त आहे. आणि इथे हलकेपणा खरंच कामाचा, कारण इंजिन तुम्हीच.

क्लासिकसाठी, म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून चालल्यासारखं सरकत जायच्या पद्धतीसाठी, मशीनने दोन समांतर खाचा पाडलेल्या असतात, त्यात स्की मावायला हवी, म्हणून सगळ्यात रुंद जागी ती ७० मिलिमीटरच्या आत ठेवा, त्यापेक्षा रुंद घेतलीत तर खाचेच्या भिंतींना घासत बसेल. वॅक्सच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका, पायाखाली खवल्यांचा नक्षीदार बेस किंवा केसाळ स्किनची पट्टी असलेली घ्या. खवले दणकट, स्किन जास्त शांत आणि सरकायला जास्त छान.

इथे लांबीपेक्षा तुमचं वजन महत्त्वाचं, आणि त्याची एक झकास कागदाची परीक्षा आहे. कडक सपाट फरशीवर दोन्ही स्कीवर समान वजन देऊन उभ्या राहा, दुसऱ्या कोणीतरी पायाखाली कागद सरकवायचा. तो पुढे-मागे सहज सरकला पाहिजे. आता सगळं वजन एका पायावर घ्या. कागद पकडला गेला पाहिजे, ओढला तरी हलायला नको. दोन्ही पायांवर असतानाच अडकला तर स्की तुमच्यासाठी मऊ आहे, घसरताना सारखी ब्रेक लागल्यासारखी चालेल. एका पायावर पण सरकला तर कडक, चढावर पाय मागे निसटत राहील आणि तुम्ही स्वतःच्या तब्येतीला दोष देत बसाल. भावाची किंवा नवऱ्याची जुनी जोडी वापरणाऱ्या बायकांचं नेमकं हेच होतं, म्हणून ती फुकट मिळाली तरी आधी कागद मागा.

प्रश्न : नवीन हलकी स्की घेतली, पहिले दोन दिवस मस्त, आता कडक बर्फावर घसरते. स्की खराब निघाली का?

नाही, धार गेलीये. नखाची पाठ एजवर आडवी ओढून बघ, नख खरवडून पांढरी पूड निघाली पाहिजे, नुसतंच सरकलं तर बोथट. बाजूची एज ८८ अंश आणि तळाकडून १ अंश, एवढं सांगून वर्कशॉपमध्ये दे, आणि वॅक्स पण मारून घे. आणि घरी आलीस की ओली स्की बॅगेत कोंबून ठेवतेस ना? आधी फडक्याने एज कोरडी पूस, मग बॅग.